नंदूदादाने न पाहिलेला शेवट

दुपारचं जेवण अंगावर आलंय. उशाशी मोबाइलवर दूरदर्शनची जुनी मालिका चालू आहे. दर आठवड्याला नवी विज्ञानकथा असायची ती. हा भाग कुणाच्याच लक्षात नाही, माझ्या आहे. एक माणूस अंतराळातून परततो आणि आपल्या घराचं दार वाजवतो. दार उघडायच्या आतच माझे डोळे मिटतात.

"पमे, दिसतंय का गं?"

अगं बाई, हा तर नंदूदादाचा आवाज! मी सांगलीच्या घरात, टीव्हीपुढे बसलेय. दादा गच्चीवर अँटेना धरून उभा आहे. त्याने हात काढला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. हा भाग आम्ही पाहिला तेव्हाही तो शेवटपर्यंत असाच वर उभा होता.

"दिसतंय! हलू नकोस!"

"हात भरून आलाय. सोडू?"

"खबरदार सोडलास तर!"

मी जिना चढते, तर वर गच्ची नाही, दवाखान्याची खोली आहे. दादा पलंगावर. नुसता हाडांचा सापळा, आणि वर धरलेल्या हातात तीच अँटेना, आता गंजलेली. दिवाळीनंतर तो गेला. जाण्याआधी रोज विचारायचा, "पमे, आता पुरे ना?" मी दटावायचे, "गप रे, घरी जायचंय आपल्याला."

"शेवट तरी सांग," तो म्हणतो.

"दार त्याची बहीण उघडते. ती म्हातारी झालेली, हा गेला तसाच तरुण. तरी ओळखते त्याला."

"मग?"

"आत घेते, जेवायला वाढते. संपलं." मला रडू फुटतं.

"एवढंच होय?" तो हसतो. "छान आहे की गं. सोडू आता?"

मला 'नाही' म्हणायचंय. जीव नुसता तुटतोय.

"सोड रे दादा. दमलास तू."

तो हात खाली घेतो. खोलीभर मुंग्या, खरखर. त्यातच तो दिसेनासा होतो, पण जाता जाता माझं मनगट घट्ट धरतो.

"आई, चहा," सूनबाई हलवून उठवते. "रडताय का? आणि हाताला हे काय लागलंय?"

मनगटावर गंजाचे तांबूस ठसे आहेत, चार बोटांचे. ती ओला फडका आणायला वळते.

"राहू दे गं," मी म्हणते आणि हात पदराखाली घेते.