बाहुलीची शिवण

लोखंडे सिस्टर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, मीनलनं केला, तेव्हा मी लसीकरणाच्या टेबलावर होते. रांग मोठी होती. डोळे पुसले आणि पुढचं बाळ घेतलं... सिस्टरांनी दुसरं काही चालवूनच घेतलं नसतं.

आमच्या प्रसूतिगृहात त्या नर्सना शिकवायच्या. दर गुरुवारी तीनला, खोली मिळाली तर खोलीत, नाहीतर जिन्याखाली. सरावासाठी बाहुली मागून मागून थकल्या, तेव्हा खडकीच्या क्वार्टरमध्ये बसून जुन्या साडीची स्वतःच शिवली. आत वाळू, वजन नवजात बाळाएवढं. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ते तिच्यावर शिकायचं. मी पहिल्यांदा तिला दंडाला धरून उचललं, तर म्हणाल्या, "वा! भाजीची पिशवी आहे का ती? मान धर, बये, मान!" इतक्या हातांतून जायची की महिन्याभरात शिवण उसवायची. मग सिस्टर ती घरी नेऊन शिवून आणायच्या. शिकलेल्या मुली मात्र टिकायच्या नाहीत. कुणी आखातात, कुणी खराडीकडच्या नव्या खासगी दवाखान्यात. "चाळणीनं पाणी भरतेय मी," म्हणायच्या, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर.

निवृत्त होताना त्यांनी वर्ग माझ्या हवाली केला. मग कॉम्प्युटर आले. प्रशिक्षण पडद्यावर, शेवटी प्रश्न, उत्तरांवर क्लिक केलं की प्रमाणपत्र. निम्म्या मुली कंत्राटी, एकेकीकडे दोन-दोन वॉर्ड. त्यांना बसायला वेळ कुठला? त्यांची उत्तरं मीच भरायची. हो, मीच. गुरुवार नेमका कधी बंद पडला, तेही आठवत नाही.

सिस्टर आजारी पडल्या म्हणून भेटायला गेले.

"वर्ग चालू आहे ना गं?"

"हो."

"किती जणी?"

"आठ."

जीभ अडखळलीसुद्धा नाही, याचीच जास्त लाज वाटते. त्या एकदम खुलल्या. "आठ? मग शिवण गेलीच असेल. घेऊन ये, हात चालताहेत तोवर शिवून देते." त्यानंतर प्रत्येक भेटीत तेच, "आणलीस?" मी म्हणायची, अहो, विसरले. काय नेणार होते? त्यांनी शेवटचे घातलेले टाके जसेच्या तसे होते. बघताक्षणी त्यांना सगळं कळलं असतं.

परवा मीनलनं एक छोटा डबा हातात ठेवला. "आईनं तुमच्यासाठी ठेवलाय. शेवटी तिला दिसेना, म्हणून सुई माझ्याकडून ओवून घेतली."

बाहुली कॉम्प्युटरच्या खोलीत, कपाटावर होती. खाली काढताना माझा हात आपोआप तिच्या मानेखाली गेला. मांडीवर घेऊन बसले, डबा उघडला. सुई ओवलेली आहे... आणि उसवलेलं काहीच नाही.