पाहुणे येतात तेव्हा धाकटीनं कुठं बसायचं

मी तत्त्वज्ञान शिकवते. लातुरात हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नेमकं काय शिकवता?" आणि त्याच्या पुढचा, "त्यानं नोकरी लागते का?" आता माझीच कायम झालेली नाही तर काय सांगू, कप्पाळ! वीसेक वर्षं तासिका तत्त्वावर आहे. तत्त्वज्ञानातलं हे एकच तत्त्व मला पुरतं कळलंय. आठवड्याचे पहिले तीन दिवस लातूर, पुढचे तीन नांदेड. एसटी अहमदपूरला थांबली की उतरायचं, पाय मोकळे करायचे, चहा घ्यायचा, परत चढायचं. गुडघे आता रोज बोलून राहिलेत.

पोरं वाईट नसतात. दुसऱ्या विषयाला जागा मिळाली नाही म्हणून माझ्याकडं आलेली असतात, एवढंच. 'न्याय' म्हटलं की पाच व्याख्या पाठ, 'वंशभेद' म्हटलं की सातासमुद्रापलीकडची चार उदाहरणं. एकानं उत्तरपत्रिकेत छान अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्याकडे रंगावरून भेदभाव आढळत नाही.' आणि हीच पोरं-पोरी घरून निघताना तोंडाला काय काय गोरं करणारं चोपडून येतात, ते मी खुर्चीत बसल्या बसल्या वासावरून सांगते. तो पेपर तपासताना मला इतका कंटाळा आला की पेन खाली ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

त्या कंटाळ्यातून मी एक सुरू केलं. दर सोमवारी प्रत्येकानं घरातला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणायचा. नाव टाकायचं नाही. टेबलावर माझा जेवणाचा डबा रिकामा करून ठेवायची, त्यात चिठ्ठ्या पडायच्या. आई सगळ्यांच्या शेवटी का जेवते? गावी मैत्रिणीच्या घरचं पाणी प्यायले तर आजी का चिडली? दादानं रात्री फिरलं तर चालतं, मी संध्याकाळी फिरले तर काय होतं? एका पठ्ठ्यानं लिहिलं होतं, 'बाबांची गाडी रोज मीच का पुसायची?' त्यावर वर्ग खो खो हसला, पण तासभर बोललाही.

अशाच एका सोमवारी डब्यातून ही चिठ्ठी निघाली. 'येत्या रविवारी माझ्या ताईला पाहायला येणार आहेत. ताई सावळी आहे, मी गोरी आहे. पाहुणे यायच्या आधी मला शेजारच्या काकूंकडं पाठवतात, म्हणजे त्यांची नजर माझ्यावर जाऊ नये. यात अन्याय कुणावर होतो? ताईवर की माझ्यावर?'

नाव नव्हतं, पण दुसऱ्या बाकावरची पोरगी कानापर्यंत लाल झाली होती. बी. ए. दुसऱ्या वर्षाची, अभ्यासाला पक्की.

मागून एक पोरगा म्हणाला, "अन्याय पाहुण्यांवर आहे मॅडम. चांगला माल लपवून ठेवला ना!" हशा पिकला. चाकूरकडून रोज ये-जा करणारी एक मुलगी तिथंच उभी राहिली. "माल म्हणलास ना, मग विषयच संपला. बस खाली." मग काय, सगळेच तुटून पडले. आमच्यात आत्याच्या पोरीला आतल्या खोलीत कडी लावून बसवलं होतं. आमच्या बायोडेटात रंगाच्या पुढं निमगोरा लिहितात, पोरगी गव्हाळ असली तरी. मी विचारलं, "मुलाच्या बायोडेटात रंग लिहितात का?" घंटा झाली तरी कुणी उठेना. इतक्या वर्षांत असं किती वेळा झालं ते हाताच्या बोटांवर मोजावं लागेल. मी त्या दिवशी फार खूश होते, कबूल करते.

जिन्यात ती दुसऱ्या बाकावरची मला गाठून म्हणाली, "मॅडम, मग मी काय करू?"

"सगळे तिच्याबद्दल बोलतायत," मी म्हणाले, "ताईला कुणी विचारलं का?"

"ताई थांब म्हणाली तर घरातच थांबू?"

"थांब की. तू काय चोरी केलीस लपायला?"

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही. बोलून मी तरातरा जिना उतरले, कारण मला बस स्टँडवर गुरुवारच्या नांदेडच्या गाडीचं आरक्षण करायचं होतं.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी आली ती वर्गात न बसता स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. पाहुणे नांदेडचे होते, मुलगा सरकारी नोकरीत. ताई थांब म्हणाली म्हणून ही थांबली. मुद्दाम पुढं गेली नव्हती. पण आईचे हात पोह्यात होते म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन एकदा बाहेर आली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, धाकटी पसंत आहे.

"आणि घरचे?"

"बाबा म्हणतात, असं स्थळ परत येत न्हाई. ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू म्हणतात." मग म्हणाली, "ताई माझ्याशी बोलत न्हाई मॅडम."

पोरीचं कॉलेज जाणार, ते माझ्या एका वाक्यानं. बहीण गेली ती वेगळीच.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. वडलांचं भांड्यांचं दुकान, कपाळावर विभूती, बोलायला मऊ माणूस. आई मात्र भडकलेली. "मॅडम, तुमी लई शिकलेल्या हाव. पण पोरीला हे काय सांगून ठिवलं? इतके दिवस नीट चाललं होतं न्हाई का?" मी खाली मान घालून ऐकलं. मग शिक्षण, पोरीची इच्छा, तिचं वय, दोघींमधलं नातं, सगळं सांगून पाहिलं. वर्गात बोलते त्याहून चांगलं बोलले असेन. वडलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपले मिस्टर काय करतात?"

"मी लग्न केलेलं नाही."

"असं होय," ते म्हणाले. त्यांच्या लेखी तिथंच बोलणं संपलं.

तेवढ्यात थोरली चहा घेऊन आली. तरतरीत चेहरा, दाट भुवया, एम. कॉम. झालेली. मला वाटलं, निदान हिला तरी माझी बाजू कळेल. मी म्हणाले, "तुला विचारूनच थांबली होती ना ती?"

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "मी थांब म्हणलं. दुसरं काय म्हणू? धाकट्या बहिणीच्या तोंडावर सांगू का, की बाई तू लप, म्हणजे माझं जमंल?" ट्रे तिच्या हातात तसाच होता. "न विचारता जायची ते बरं होतं. मला बोलायची पाळी येत नव्हती. चहा घ्या, गार होऊन राहिला."

मी चहा घेतला. कसा होता आठवत नाही. रिक्षात बसल्यावर मला इतकी लाज वाटली की रिक्षावाल्याला पत्ताही चुकीचा सांगितला. ज्याच्यावर बेतलंय त्याला विचारा, ज्याच्यावर बेतलंय त्याला विचारा, वर्षानुवर्षं हे घोकून घेत आले. पण एखाद्याला असा प्रश्न विचारता येतो की ज्याचं त्याला एकच उत्तर देता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तरी कुठं शोधलं होतं म्हणा.

लग्न मोडलं. माझ्यामुळं नाही हो! उदगीरहून त्यांचे थोरले चुलते आले आणि म्हणाले, धाकटीचं आधी केलं तर लोक थोरलीत खोट काढतील, मग तिला कोण विचारणार? संपला विषय. नांदेडला नकार गेला. पोरगी परत दुसऱ्या बाकावर येऊन बसली. शिक्षण, इच्छा, न्याय, माझा एक मुद्दा कामी आला नाही. चार लोक काय म्हणतील, याच्यावर तिचं बी. ए. वाचलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर मी डबा टेबलावर ठेवणं बंद केलं. पोरांनी विचारलं तर म्हणाले, पोर्शन मागं राहिलाय.

मग महिना दीड महिन्यानं एका रविवारी दुपारी माझ्या घराची बेल वाजली. दारात ती. पाठीला सॅक, हातात वही.

"मॅडम, आज ताईला पाहायला येणारेत. शेजारच्या काकू माहूरला गेल्यात दर्शनाला. आई म्हणाली, मॅडमकडं जाऊन बस."

मी विचारलं, "ताईला माहीत आहे?"

"तिनंच पत्ता काढून दिला."

मी दारात उभी. काय करायला हवं होतं? परत पाठवायची? आणि परत तांब्या घेऊन बाहेर यायची वेळ आली म्हणजे? माझ्याकडं त्या दुपारी एकही व्याख्या नव्हती. मी बाजूला सरले, ती आत आली आणि तिनं चपला दाराशी नीट लावून ठेवल्या.

मी शेंगा निवडायला बसले होते, तीही बसली. मला वाटलं, आता विचारेल, मॅडम, हे बरोबर आहे का? तिनं विचारलं नाही. म्हणाली, "परीक्षेला न्यायावर नक्की येतं म्हणतात. तुमच्या जुन्या नोट्स आहेत का? पाठ करायला सोप्या असल्या तर बरं." मी कपाटातून काढून दिल्या. तिनं आभार मानले.

चारच्या सुमाराला तिचा फोन वाजला. ती उभी राहिली, ऐकत राहिली, आणि एकदम माझ्या गळ्यातच पडली. "जमलं मॅडम! ताईचं जमलं! पोरगा लई चांगला हाय म्हणे, तिच्याशी किती वेळ बोलला!" ती रडत होती, हसत होती. माझेही डोळे भरून आले. खरंच आनंद झाला, वरवरचा नाही. मी म्हणाले, "पळ, जा घरी, ताईला भेट."

"आत्ता नको," ती डोळे पुसत परत खाली बसली. "पाहुणे गाडीत बसेपर्यंत येऊ नको म्हणाली आई. फोन करणारे."

मी साखर आणली, तिच्या हातावर ठेवली. ती चघळत खिडकीतून रस्त्याकडं बघत बसली. मग तिथूनच म्हणाली, "मॅडम, लग्नात तरी घेतील ना मला?"

मी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"अक्षता पडल्यावर घेतील," ती स्वतःच म्हणाली.