आक्का पोलिश शिकतात

आक्का वृद्धसेवा केंद्रात मदतनीस होत्या. अंथरुणं बदलायची, आंघोळी घालायच्या, भरवायचं. चोवीस वर्षांत कुणाला काय हवंय ते त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. अपवाद एकच, सहा नंबरच्या खोलीतले घड्याळजी. तरुणपणी पोलंडहून आलेल्या या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसानं उभा जन्म इथलीच भाषा बोलण्यात घालवला. पण मेंदूत रक्ताची गाठ झाली नि ती भाषा जिभेवरून पुसली गेली. ऐकलेलं समजे, तोंडून मात्र निघे फक्त पोलिश.

"पाणी हवंय?" विचारलं की म्हणत, "नो." पेला परत जाई.

"खिडकी उघडू?" "नो." खिडकी बंदच राही. मग म्हातारबुवा रागानं असे लाल होत की सोय नाही. सगळ्यांनी त्यांना हेकट ठरवून टाकलं होतं.

आक्कांना ते पटेना. त्यांनी वाचनालयातून पोलिशचं पुस्तक आणलं. नवरा म्हणाला, "या वयात? अगं, मला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही!"

"तुमच्या डोक्यानं थोडीच शिकणार आहे मी!"

तिसऱ्याच पानावर त्या ताडकन उठल्या. पोलिश बोलण्यात 'नो' म्हणजे चक्क 'हो ना'! नकाराला म्हणायचं 'न्ये'.

सकाळी त्या जवळजवळ पळतच कामावर पोचल्या. "पाणी?" "नो." पेला ओठांना लावला, घड्याळजी घटाघटा प्याले. "खिडकी?" "नो!" उघडली. "पंखा?" "न्ये!" आणि दोघंही खो खो हसत सुटली.

मग आक्कांना धीर धरवेना. पुस्तकानं भीती घातली होती, सात विभक्त्या आणि तीन लिंगं! "एवढंच?" आक्का म्हणाल्या. "आम्ही आठ घोकल्यात, आणि तो-ती-ते तर घरचंच!" काका वेगळा, मामा वेगळा, हेही अगदी आपल्यासारखं. काकाला 'स्त्रिय' म्हणतात हे वाचून मात्र त्यांनी नवऱ्याला उठवून सांगितलं.

एकदा खोलीत शिरताना त्या ऐटीत म्हणाल्या, "पशिशेद्वेम!" घड्याळजींच्या डोळ्यांतून हसता हसता पाणी आलं. बोट वर करून ते म्हणाले, "पशिश्वाम."

"अगबाई! म्हणजे मी 'आलो' म्हणाले होय? बाईनं 'आले' म्हणायचं!"

घड्याळजींचा मुलगा दर रविवारी येई आणि तासभर मुकाट बसून जाई. वडिलांनी त्याला पोलिश कधी शिकवलीच नव्हती. एका रविवारी ते त्याच्याकडे बघून बरंच काही बोलले. आक्कांनी त्यांना तीनदा सावकाश म्हणायला लावलं, कोश चाळला आणि मुलाला सांगितलं, "ते म्हणतात, तुला माझी भाषा दिली नाही, चुकलो मी."

मुलगा खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "आक्का, मलाही शिकवाल?"

"मी कोण शिकवणारी? गुरुजी समोर बसलेत की!"

पुढच्या खेपेला त्यानं वडिलांना पोलिशमधून 'बाबा' अशी हाक मारली, "ताता!"

"अहो, हाक मारताय ना?" आक्कांनी मधेच अडवलं. "मग संबोधन लावा. तातो!"

"तातो," मुलगा म्हणाला.

घड्याळजींनी कान पुढे केला आणि त्याला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा, आणि पुन्हा. तेव्हापासून मुलगा आठवड्यातून चारदा येऊ लागला, आणि आक्कांनी पुस्तकाचा दुसरा भाग मागवला.