बापूमामाचं ‘थांब, येतंय’

कळत्या वयात बापूमामानं दारूचा थेंब घेतला नाही, आणि गावानं त्याला जन्मभर दारुडा म्हटलं. चालता चालता तो मधेच थांबायचा, कपाळावर बोट टेकवायचा आणि म्हणायचा, “थांब, येतंय.” विहिरीवर बादली घेऊन जायचा आणि कशाला आलो तेच विसरायचा. पोरं हसली की तोही हसायचा. “न पिता चढती मला. फुकटात.” त्या हसणाऱ्या गावाचा मला अजून राग येतो.

तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्न काही जमलं नाही त्याचं. आजी गेल्यावर तो आमच्याकडे तेलगावला राहायला आला. तेव्हा गावात नवा एसटीडी बूथ निघाला होता. वडिलांनी ओळखीनं मामाला तिथं चिकटवलं. नवा शर्ट घालून मामा ऐटीत बसायचा, पण नंबर लावता लावता मधलेच आकडे पळायचे. एकदा पुण्याचा फोन भलत्याच घरी लागला. पलीकडे कोणी म्हातारी होती. मामा तिच्या गुडघ्यांची चौकशी करत बसला आणि गिऱ्हाईक बाहेर ताटकळलं. थोड्याच दिवसांत मालकानं हात जोडले.

घरी येऊन मामा आईला म्हणाला, “अक्के, मी कावून आसा गं? समद्यांवानी का न्हाई?” आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग तिनं भाकरी तव्यावर टाकली.

त्यानंतर आईनं त्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. तान्हेपणी काही झालं होतं का, आकडी, ताप, डोक्याला मार, असं डॉक्टरांनी विचारलं. आई सगळ्यालाच नाही म्हणाली. मग मामाला बाहेर बाकावर बसवून परत आली आणि खालमानेनं बोलू लागली. आजी-आजोबा शिरूरकडचे ऊसतोड मजूर. पहाटेच्या गारठ्यात आजी फडात उतरायची आणि झोळीतलं तान्हं आईवर सोपवायची. ते रडलं की दारूत बुडवलेलं फडकं त्याच्या तोंडात द्यायचं. टोळीत सगळेच द्यायचे, औषध म्हणून.

“मी जरा जास्तच बुडवायची, साहेब. लवकर निजला की मला खेळाया मिळायचं.”

त्यानंच झालं असं खात्रीनं सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. पण कोवळ्या मेंदूला दारू बाधते, आणि ते नुकसान मोठेपणी भरून निघत नाही.

त्या संध्याकाळी ओसरीवर आईनं मामाला सगळं सांगितलं. मी शेजारी मेथी निवडत होते. त्यानं मधे कुठंही न हरवता ऐकलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. “येडी का तू? तू बी लेकरूच व्हतीस की.” आई पोटभर रडली. इतकी मोकळी झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

सकाळी चहा देताना तिनं विचारलं, “बापू, काल मी काय सांगितलं, ध्यानात हाय ना?”

मामानं कपाळावर बोट टेकवलं. “थांब, येतंय.”

आम्ही दोघी वाट पाहत राहिलो. चहावर साय धरली.

“ऱ्हाऊ दे. चहा पी,” आई म्हणाली. पुन्हा सांगायचा धीर तिला झाला नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आईही आता थकली आहे. बसल्या बसल्या माझा हात धरते. “मी बी लेकरूच व्हते, असं म्हणला व्हता ना गं त्यो? तू ऐकलंस ना?”

“ऐकलंय, आई,” मी म्हणते. ती पुन्हा विचारते, आणि मी पुन्हा सांगते.