सुकाणूची खीळ

माझ्या काकाला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला आणि त्याची पद्धत एकच: एक वस्तू दुरुस्त करायची, तर दुसऱ्या चालत्या वस्तूचा भाग काढायचा. घरात पंखा फिरू लागला की समजायचं, मिक्सर बंद पडलाय.

हीच खोड तो शिडाच्या होडीवरही घेऊन आला. किनाऱ्याकिनाऱ्याने आमचा प्रवास चालला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा काकू सोबत होती. तिने यावं म्हणून त्याने कित्येक वर्षं तिची मनधरणी केली होती.

दुसऱ्याच दिवशी सुकाणूची खीळ तुटून पाण्यात पडली. खीळ नसली की सुकाणू प्रत्येक लाटेसरशी वर उचकटतं. काकाने स्टोव्हच्या पायाचा स्क्रू काढून तिथे बसवला. स्टोव्ह कलंडून चहा काकूच्या पायांवर. स्क्रू वाकला, मग तिच्या छत्रीची काडी गेली. काडी तुटली, मग तिच्या पिशवीचा बंद.

दर थोड्या वेळाने तो ताडकन उठायचा, होडी कलायची, काकू डोळे मिटून काठ घट्ट धरायची. दोघांच्या मध्ये बसून मला जीव नकोसा झाला होता. शेवटी काकूने सांगून टाकलं, पुढच्या धक्क्याला मी उतरणार, बसने घरी जाणार, आणि पुन्हा या होडीचं नाव काढायचं नाही. काकाचा चेहरा पडला, हात मात्र थांबले नाहीत.

बंदही तुटला. त्याची नजर शिडाच्या कडीवर गेली तेव्हा माझं डोकं फिरलं. शिडाला हात लावलास तर मीही उतरेन, असं मी बजावलं.

मग दुसरं काय करणार? एका हाताने सुकाणूचा दांडा धरून, दुसऱ्याने सुकाणू खाली दाबून काका बसला. उठला की सुकाणू निघालंच. बोटं शिवशिवत होती, गुडघा हलत होता, पण बसला.

होडी कलायची थांबली. काकूने काठ सोडला, सरकत त्याच्याशेजारी गेली आणि बोलू लागली. तिचं बोलणं मध्येच न उठता ऐकणारा काका मी तेव्हा प्रथमच पाहिला.

धक्क्यावर बस उभी होती. तिथला मेकॅनिक म्हणाला, खीळ आहे, लगेच बसवतो. काका उठू लागला. काकूने दंड धरून त्याला खाली बसवलं.

"खीळ राहू द्या," ती म्हणाली. "हे बसलेत तसेच बसू देत. आम्हाला अजून पुढे जायचंय."