कच्चा रंग, पक्का रंग

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीतच सुटली, पण गुलमंडीच्या मागच्या गल्लीत जन्मभर लुगडी अन् फेटे रंगवले. रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

बायकोच्या लिव्हरवर डाग निघाला होता. एमआरआयमध्ये तो एकटाच दिसला, पण आजूबाजूचं नीट उमगेना. एकच असला तर कापून काढता येईल, जास्त असले तर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नातीच्या वयाची पोरगी, पण बोलायची समजावून. "आजोबा, मागं साधा डाय दिला होता. तो रक्ताबरोबर फिरतो अन् लघवीवाटे निघून जातो. आता दुसरा देऊ. तो चांगलं लिव्हर स्वतःच ओढून घेतं. थोडं थांबून फोटो काढले की बारीक डागसुद्धा लपत नाही."

"म्हंजे पहिला कच्चा रंग, हा पक्का."

"तसं समजा हवं तर. पण हासुद्धा निघून जातो."

लेक शेंद्र्याला दिलेली. जावई तिथंच कारखान्यात. ती रोज फोन करायची, "बाबा, येऊ का?" मी म्हणायचो, "तुझं घर सांभाळ. ऑपरेशन ठरलं की सांगतो. तुझ्या आईला मी बघायला खंबीर हाय."

तपासणीच्या दिवशी बायको हिरवं नवं पातळ काढून बसली. मी ते परत ठेवायला लावलं. डाय म्हणजे रंग, कुठं सांडला-गळला तर निघायचा नाही. जुनं पातळ नेसवलं.

"जन्मभर दुसऱ्यांची लुगडी रंगवली," ती म्हणाली, "आता मलाच रंगवून आणता व्हय?"

तिथं तर तिला दवाखान्याचाच झगा घालायला दिला. सुई टोचायच्या आधी मी सिस्टरला म्हटलं, दाखवा. नळीत पाण्यासारखं होतं.

"यात रंग कुठाय?"

"काका, हा मशीनला दिसतो. तुम्हाला नाही."

मला ते पटलं नाही. जो डोळ्याला दिसत नाही तो रंग कसला? पण बायकोनं डोळे वटारले, म्हणून गप बसलो.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. बायको बाहेर बाकावर. पडद्यावर लिव्हर पांढरंफेक दिसत होतं, धुवून वाळत घातलेल्या कपड्यासारखं. त्यात चार ठिकाणी काळं. मला वाटलं, पांढरं ते कोरं राहिलं, काळं तिथं रंग बसला. मी खूश होऊन म्हणालो, "बाई, चार जागी तर लई झ्याक चढलाय की! बाकीचं पण चढंल हळूहळू."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"आजोबा, उलटं आहे. पांढरं दिसतंय तिथं औषध चढलं. तेवढं लिव्हर चांगलं आहे. काळ्या जागांनी घेतलंच नाही."

तेलकट जागेवर रंग धरत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं. मी पुन्हा मोजायला गेलो नाही.

बाहेर आलो तर ती जुनं पातळ सारखं करत बसली होती.

"काय म्हणल्या?"

"रंग सगळीकडं चढला नाय."

"कुठं नाय चढला?"

"चार जागी."

"मंग ऑपरेशन नाय?"

"नाय."

"बरं झालं. मला भ्या वाटत हुतं त्याचं." मग उठता उठता म्हणाली, "रिक्षा बघा. अन् लेकीला फोनवर सांगू नका. एकटीच रडत बसंल."

लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. लोकांनी कधीच सोडली, मी सोडली नव्हती. जावई दर वेळी हसायचा, मी तहानलेला परत यायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरून शेंद्र्याला गेलो. लेक दारातच भेटली. मला सांगता येईना. खाटेवर बसलो अन् म्हणालो, "पाणी दे गं."

ती तांब्या घेऊन आली. मी पिताना ती नुसती बघत राहिली. तांब्या रिकामा झाला तशी ती आत गेली अन् पिशवीत कपडे भरायला लागली.