विषय बदलणार नाही

मोठ्याने बोलणाऱ्या डॉक्टरने संशोधक होऊ नये का?

दिघीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई सगळ्यांशीच समोर उभं राहून, मोठ्याने बोलतात. त्यांचे बरेच पेशंट चाकणच्या प्रेसशॉपमधले, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या दणक्याने बहिरे होत चाललेले. त्यावरच बाईंना संशोधन करायचंय. प्रशिक्षण आणि निधी देणाऱ्या फेलोशिपची मुलाखत परवा लॅपटॉपवर झाली. मी वडिलांना घेऊन बाहेरच बसलो होतो.

लॅपटॉपमधून मुलाखत घेणाऱ्यांचा आवाज आला, "मॅडम, हळू बोला. आणि विषय बदला, कंपन्या नाराज होतात. मग फेलोशिप तुमचीच."

"कान कामगारांचे जातात, सर, आणि नाराज कंपन्या?" बाईंनी लॅपटॉप मिटला. "काका, या आत!"

फेलोशिप गेली, अभ्यास चालू आहे. तुमच्या घरी प्रेसशॉपमधलं कोणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर चिडू नका. त्यांना दिघीला तपासणीला आणा.